शिळ्या पावाचे सारण

सारण म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर प्रथम करंजी येते, मग मोदक, आणि मन जरा तिखटाकडे वळल्यास भरली वांगी. या तिन्ही ठिकाणी सारणाचा मान मोठा; परंतु त्याला स्वतःचे घर नाही. पारी नसेल तर मोदकाचे सारण म्हणजे गूळखोबऱ्याची एक मूठ, ती मुलांच्या हातावर ठेवून मोकळे व्हावे. म्हणून ज्यात पारी नाही, वांगे नाही, कशात काही भरावयाचेच नाही, आणि तरीही ज्याला त्याचे करणारे सारणच म्हणतात, असा एक पदार्थ आम्ही गेली काही वर्षे दर नाताळात घरी करीत आलो आहोत, हे सांगितले तर वाचकांस ते थोडे तर्कदुष्ट वाटेल. आम्हांसही प्रथम तसेच वाटले होते.

इंग्रज लोक याला ‘स्टफिंग’ म्हणतात. अमेरिकेच्या दक्षिण भागात त्यालाच ‘ड्रेसिंग’ असे नाव आहे. भाजावयाच्या पक्ष्याच्या पोटात पावाचे तुकडे, परतलेला कांदा, लोणी आणि सुवासिक पाला भरावयाचा, ही मूळ कल्पना. इंग्लंडात कांदा आणि सेज नावाचा पाला ही जोडी ठरून गेलेली आहे. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचा सण येतो. त्या दिवशीच्या सारणात पुष्कळ घरी सफरचंदे आणि सुकी फळेही पडतात. या भरण्यामागे दोन हेतू असावेत. पक्षी भाजताना सुटणारा रस पाव शोषून घेतो आणि काही वाया जात नाही, हा एक. दुसरा अधिक प्रामाणिक आहे: पक्षी एक, खाणारे दहा, आणि पाव स्वस्त. आपल्याकडे पाहुणे वाढले की आमटीत पाणी वाढते, त्याच जातीची ही युक्ती.

साहित्याच्या मासिकात लिहीत आहोत म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. सारणाला फ्रेंच भाषेत ‘फार्स’ म्हणतात. मूळ लॅटिन धातूचा अर्थ ‘ठासून भरणे’ असा आहे. मध्ययुगातल्या धार्मिक नाटकांत मधल्या जागी जे विनोदी प्रवेश भरीत, त्यांना हाच स्वयंपाकघरातला शब्द चिकटला. एकोणिसाव्या शतकात आपल्या रंगभूमीवर पौराणिक नाटकानंतर फार्स होत असत. ते पाहून पोट धरून हसणाऱ्या सोवळ्या प्रेक्षकांस, निदान नावापुरते तरी हे प्रकरण कोंबडीच्या पोटातून बाहेर आलेले आहे, याची कल्पना नसावी हे बरेच झाले.

असो. आता पक्ष्याचे काय झाले ते सांगितले पाहिजे.

आम्ही केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून आहोत. २०१७ साली बदलीने कलकत्त्यास आलो. (शहराचे नाव २००१ साली कोलकाता झाले, कार्यालयीन कागदांवर आम्ही तसेच लिहितो, घरात मात्र आजीच्या तोंडी कलकत्ताच आहे.) सरकारी निवासस्थानाच्या प्रतीक्षायादीत आमचे नाव होते, आणि ती यादी कशी सरकते हे सरकारी नोकरांस सांगावयास नको. म्हणून इलियट रोडवर एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड केले. घरात माणसे तीन: आम्ही, सौभाग्यवती आणि वयाची ऐंशी ओलांडलेली आमची आजी. जिन्यापलीकडच्या दाराआड एक अँग्लो-इंडियन बाई एकट्या राहत. त्यांचे वडील तारखात्यात होते. मुलगी लग्न होऊन ऑस्ट्रेलियात पर्थ येथे गेलेली. साऱ्या इमारतीच्या त्या ‘आन्टी’ होत्या, म्हणून आमच्याही झाल्या.

पहिल्याच डिसेंबरात त्यांनी आम्हांस नाताळच्या जेवणास बोलावले आणि आजी काय खात नाही ते विचारले. आम्ही सांगू लागलो, त्या बोटे मोजू लागल्या. मांस नाही, मासे नाहीत, अंडे नाही, पाव नाही, आणि कांदा एरवी खाते, पण चातुर्मासात नाही. पाचवे बोट मिटल्यावर त्यांनी क्षणभर मुठीकडे पाहिले. मग म्हणाल्या, “चिड़िया हम निकाल देगा. बाकी सब वैसा ही रहेगा.” पक्षी काढून टाकला तरी सारण उरते, हा विचार आम्हांस त्या मुठीतून मिळाला. पुढे वाचनात आले की, सारण पक्ष्याबाहेर वेगळ्या भांड्यात भाजणे अधिक सुरक्षितही असते. पोटात भरलेले सारण मध्यभागी ७४ अंशांपर्यंत तापल्याखेरीज खाऊ नये असे अमेरिकेतील आरोग्यखाते सांगते, आणि ते तेवढे तापेपर्यंत वरचे मांस कोरडे ठणठणीत होते. आन्टींनी हे वाचले नव्हते. त्यांना शेजारी जेवायला हवे होते, एवढेच.

आजीला पाव का चालत नाही, हे आन्टींना समजावून देणे कठीण गेले. वाईस तिच्या लहानपणी वडीलमाणसे एक हकीकत सांगत: फिरंग्यांनी गावच्या विहिरीत पाव टाकले, नकळत ते पाणी प्यालेला गाव सकाळी उठून पाहतो तो बाटलेला. ही विहीर कधी वसईची असे, कधी गोव्याची. हकीकत खरी किती हा प्रश्न निराळा. आजीच्या मनात पाव हा त्या विहिरीच्या तळाशी जो पडला तो वर आलाच नाही. वास्तविक ग्लुकोजची बिस्किटे ती चहात बुडवून रोज खाते. बिस्किटाला जे नाही ते पावाला का, असे आम्ही एकदा विचारले, तेव्हा “बिस्किट कोरडं असतं” असे उत्तर मिळाले, आणि त्यावर शास्त्रार्थ करण्याचे धैर्य आमच्यात नव्हते. ही विहिरीची कथा आम्ही भीतभीतच भाषांतर करून आन्टींस सांगितली. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. “हमारा तो पूरा कुआँ ही पाव का है,” त्या म्हणाल्या. याचे भाषांतर आम्ही आजीसाठी केले, तेव्हा तीही हसली. दोघींना समान अशी एकही भाषा नव्हती. मध्ये दुभाषी म्हणून बसण्याचा योग आम्हांस चार वर्षे लाभला.

आजीच्या दृष्टीने पाहिले तर या पदार्थात एक मोठीच गंमत आहे. त्यातील फळ उपवासाचे, कांदा चार महिने वर्ज्य, आणि पाव जन्माचा वर्ज्य. तिच्या आचारशास्त्राची तिन्ही खाती एकाच भांड्यात एकत्र येतात. तिने त्यातून वाट काढली ती अशी: फळाला सोवळे-ओवळे नसते, तेव्हा सफरचंदे मी चिरून देईन, पुढे त्यांचे काय करावयाचे ते तुमचे तुम्ही पाहा. त्या वर्षापासून सफरचंदे आजीच्या विळीवर चिरली जातात. आणि कृती सगळी ऐकून घेतल्यावर तिने जो अभिप्राय दिला, त्यापुढे आमचे सारे वाचन फिके आहे. ती म्हणाली, “म्हणजे पावाचा कुस्करा म्हणायचा.”

कुस्कराच तो. रात्रीच्या उरलेल्या पोळ्या चुरून, कांदा घालून सकाळी फोडणीस टाकणारी मराठी गृहिणी आणि शिळा पाव कांद्यालोण्यात घोळवणारी इंग्रज गृहिणी, या दोघींची अडचण एक होती आणि उत्तरही एक निघाले. दोघींपैकी एकीच्या कुस्कऱ्यास सणाच्या ताटात मानाची जागा मिळाली, दुसरीचा न्याहारीपुरता राहिला.

आता कृती. आन्टींच्या मापाने चारपाच माणसांना एक पौंडाचा, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅमचा पाव लागतो. तो काप न केलेला, सबंध घ्यावा. कलकत्त्यात गल्लीबोळांतील बेकऱ्यांत तसा अजून मिळतो. गोड किंवा दुधाचा पाव कामाचा नाही, त्याचा लगदा होतो. अर्ध्या इंचाचे चौकोनी तुकडे करून रात्रभर ताटात पसरून ठेवावे, वर विरळ फडके घालावे. कलकत्त्याची हवा डिसेंबरातच काय ती या कामास अनुकूल असते.

येथे शिळेपणाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण सर्व पदार्थाचे मर्म त्यात आहे. पाव शिळा होतो म्हणजे त्यातील पाणी उडते, अशी सर्वसाधारण समजूत. बूसिंगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५२ साली ती खोटी ठरविली. पाणी मुळीच उडू न देता बंद करून ठेवलेला पावही शिळा होतोच, आणि गरम केला तर काही वेळ पुन्हा मऊ होतो, असे त्याने दाखविले. पिठातील स्टार्च भट्टीत पाणी पिऊन फुगतो आणि थंड होताना पुन्हा आपली घडी घालू लागतो. पाव कडक होतो तो या घडीमुळे. शीतकपाटात ही क्रिया अधिकच वेगाने होते, म्हणून पाव तेथे ठेवू नये. सारणास मात्र नुसता शिळेपणा पुरत नाही, कोरडेपणाही हवा; तुकड्यांतून पाणी गेले तरच रस शिरण्यास जागा होते. म्हणून सकाळी ते तुकडे मंद भट्टीत वीस मिनिटे ठेवावयाचे. हातात घेऊन दाबला तर तुकडा मोडावा, दबू नये.

कांदे तीन, मध्यम आकाराचे, उभे चिरून. शंभर ग्रॅम लोण्यात ते मंद आचेवर पंधरावीस मिनिटे परतावे लागतात. सारा पदार्थ बिघडतो तो येथे, घाईने. आन्टी त्या वीस मिनिटांत कोणासही स्वयंपाकघरातून बाहेर जाऊ देत नसत. कांदा लाल करावयाचा नाही. तो पारदर्शक होऊन, मऊ पडून, कडेने नुसता सोनेरी व्हावा. मग सेलरीचे दोन दांडे बारीक चिरून घालावे. न्यू मार्केटात ती मिळते; न मिळाल्यास वगळली तरी चालते, पण बदली म्हणून कोबी घालू नये. असा सल्ला आम्हांस एका सहकाऱ्याने दिला होता, आणि तो येथे नोंदवून ठेवतो तो केवळ इतरांच्या सावधगिरीसाठी.

सफरचंदांची गोष्ट लांबची आहे. या सारणास आंबट सफरचंद हवे; आपल्या बाजारात ते बहुधा गोड मिळते. असे का, याचे उत्तर हिमाचलात कोटगढास आहे. तेथे फिलाडेल्फियाहून आलेला सॅम्युअल स्टोक्स नावाचा अमेरिकन गृहस्थ स्थायिक झाला होता. हिंदुस्थानात तो १९०४ साली आला, असहकाराच्या चळवळीत तुरुंगात गेला, आणि १९३२ साली हिंदू होऊन सत्यानंद झाला. त्याने १९१६ साली अमेरिकेतून गोड ‘डिलिशस’ जातीची कलमे आणून लावली. त्यापूर्वी कुलूकडे इंग्रजांनी आपल्या देशची झाडे लाविली होती, पण आपल्या लोकांच्या जिभेला गोडच रुचले, आणि डोंगरच्या डोंगर त्या लाल फळांनी भरून गेले. तेव्हा अमेरिकेच्या सणाचा पदार्थ हिंदुस्थानात करताना जी अडचण येते, तीही एका अमेरिकनाचीच देणगी आहे! आम्ही ती अर्ध्या लिंबाने भागवितो. सिडनीजवळ १८६८ च्या सुमारास प्रथम वाढलेले ‘ग्रॅनी स्मिथ’ नावाचे हिरवे आंबट सफरचंद या कामी उत्तम, आणि ते कलकत्त्यात मिळतेही. परंतु त्याचा भाव वेतन आयोगाने लक्षात घेतलेला दिसत नाही.

दोन सफरचंदे सालीसकट चिरून कांद्यात दोनतीन मिनिटे परतावयाची, मूठभर बेदाणे संत्र्याच्या रसात भिजवून घालावयाचे. (आन्टी बेदाणे रममध्ये भिजवीत. आमच्यासाठी त्यांनी संत्रे आणले, आणि हे बेदाणे सोडमुंजीतले आहेत अशा अर्थाचे काही इंग्रजीत म्हणाल्या.) मिरपूड, मीठ आणि पाला. या पाल्यापायी एक गोष्ट घडली. सेज कलकत्त्यात सहसा मिळत नाही. पर्थहून मुलगी वाळलेल्या थाइमची एक बाटली पाठवी, आन्टी ती चिमटीचिमटीने वापरीत. दुसऱ्या वर्षी ती बाटली त्यांनी सहज आजीच्या नाकाशी धरली. आजी म्हणाली, “हा तर ओवा!” रसायनशास्त्र आजीच्या बाजूचे आहे. थाइम आणि ओवा दोहोंत थायमॉल हे एकच सुगंधी द्रव्य असते. तिने आपल्या मिसळणाच्या डब्यातून चिमूटभर ओवा काढून आन्टींच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो चुरडून हुंगला, पर्थच्या बाटलीचे झाकण लावून टाकले, आणि त्या दिवसापासून सारणात ओवा पडतो. जपून घालावा लागतो. पाव चमच्याहून अधिक झाला तर पदार्थ बाळंतिणीचा होतो.

शेवटी भाज्यांचे गरम सार, सुमारे पावणेदोन वाट्या, थोडेथोडे करून पावावर शिंपडावयाचे आणि हलक्या हाताने वरखाली करावयाचे. तुकडे ओले व्हावेत, विरघळू नयेत. अंडे आम्ही घालीत नाही, आणि त्यावाचून काही अडत नाही. लोणी लावलेल्या ताटलीत पसरून, झाकून अर्धा तास, मग झाकण काढून पंधरा मिनिटे. आन्टींची भट्टी म्हणजे एक गोल ॲल्युमिनियमचा विजेचा डबा. तीत उष्णमान दाखविणारे काही नाही. चिमूटभर मैदा ताटलीत टाकून तो किती वेळात तांबूस होतो, यावरून त्या अदमास घेत. आज आमच्याकडे तीच भट्टी आहे आणि तेच मैद्याचे घड्याळ आहे. १९७२ साली अमेरिकेत हे सारण डब्यात भरून विकावयास निघाले, गरम पाणी ओतले की पाच मिनिटांत तयार. ज्यांनी कांद्याची वीस मिनिटे पाहिली आहेत त्यांनी त्याविषयी मत न दिलेले बरे.

भट्टी आमच्याकडे कशी आली, ते थोडक्यात सांगतो. डिसेंबर २०१९ मध्ये, नाताळच्या दोन आठवडे आधी, लोकसभेतील अँग्लो-इंडियन समाजाच्या नामनिर्देशित दोन जागा पुढे न चालविणारे घटनादुरुस्ती विधेयक संसदेने संमत केले. २५ जानेवारी २०२० पासून ते अमलात आले. कारकुनी सवयीने आम्ही कलमे चाळली. कलम ३३६ अन्वये रेल्वे, सीमाशुल्क, डाक व तार या खात्यांतील त्या समाजाच्या राखीव जागा दर दोन वर्षांनी दहा टक्के कमी होत १९६० सालीच संपल्या होत्या. आन्टींच्या वडिलांची खुर्ची त्या हिशेबातली. आम्ही हे सर्व त्यांना, कदाचित नको इतक्या तपशिलाने, सांगत होतो. त्यांनी ऐकून घेतले आणि “कांदा देखो” म्हणाल्या. पुढच्या नाताळात साथीमुळे दारे बंद होती. ताटली जिन्यावर ठेवून, घंटा वाजवून त्या परत फिरल्या. त्यानंतरच्या वर्षी त्यांना उभे राहवेना. त्यांच्या स्वयंपाकघरात आम्ही उभे, त्या खुर्चीवर बसून हात दाखवून आज्ञा करीत आहेत, आणि जिन्यापलीकडून विळीचा आवाज येत आहे, असे ते सारण झाले. २०२२ साली मुलगी येऊन त्यांना पर्थला घेऊन गेली. भट्टी नेणे शक्य नव्हते.

पर्थची वेळ आपल्यापुढे अडीच तास आहे, आणि डिसेंबरात तेथे कडक उन्हाळा असतो. नाताळच्या दिवशी दुपारी आन्टींचा फोन येतो. तेथे त्या दिवशी थंड मांस, कोशिंबिरी, थंड गोड पदार्थ असे जेवण झालेले असते. मुलीने सारण केले का, असे पहिल्या वर्षी आम्ही विचारले. “इतना गर्मी में कौन ओवन जलाएगा,” त्या म्हणाल्या, आणि नातवंडांना ते आवडतही नाही असे सांगितले. हिरवी सफरचंदे तेथे ढिगांनी मिळतात. मग त्या एकेक विचारू लागतात: पाव कोठून आणला, रात्री नीट वाळला का, कांद्याला किती वेळ दिला, कडा लाल झाल्या का. आजीला फोन देण्यास सांगतात. आजी मराठीत बोलते, त्या इंग्रजीत. दुभाष्याची त्यांना आता गरज वाटत नाही, त्यामुळे काय बोलणे होते ते आम्हांस कळत नाही.

आजीने पाव अजूनही खाल्लेला नाही. तिच्यासाठी चिरलेल्या सफरचंदातला वाटा आधीच बाजूला निघतो. उरलेले सारण सव्वीस तारखेच्या सकाळी सौभाग्यवती तव्यावर तुपात खरपूस परतून आमच्या डब्यात देतात, आणि खरे बोलावयाचे तर आदल्या दिवशीपेक्षा ते तेव्हाच अधिक रुचकर लागते. कार्यालयात डबा उघडला की शेजारच्या मेजावरचे बंगाली सहकारी वाकून पाहतात व हे काय म्हणून विचारतात. आम्ही त्यांना पावाचा कुस्करा असे सांगतो आणि डबा पुढे करतो.